कोलेस्ट्रॉलची गोळी सुरू झाली, मग बीपीच्या गोळीचं काय?

बीडमधल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरपाशी संध्याकाळी पाच-दहा मिनिटं थांबलं तर एक गोष्ट लक्षात येते. पन्नाशीपुढच्या माणसाची चिठ्ठी असेल तर त्यात तीन नावं बहुतेक वेळा सापडतात. बीपीसाठी ॲम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन, शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि तिसरी ॲटोर्वास्टॅटिन नाहीतर रोसुवास्टॅटिन. पहिल्या दोन गोळ्या कशाच्या हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं. तिसरीबद्दल विचारलं की उत्तर येतं, "ती हार्टची आहे", "ती चरबीची आहे", "रात्री घ्यायची आहे". एवढ्यावर विषय संपतो.

याच तिसऱ्या गोळीबद्दल आमच्याकडे सतत प्रश्न येतात. गंमत म्हणजे ते एकमेकांच्या उलटे असतात. एक जण विचारतो, "कोलेस्ट्रॉलची गोळी लागल्यापासून अब्बांचं बीपी १५० वरून १३५ वर आलं. आता बीपीची बंद केली तर चालेल ना?" दुसरीकडे एखादी लेक विचारते, "अम्मीला ही गोळी सुरू झाली आणि उठताना चक्कर यायला लागली. ती बीपी लो करते का?" आणि तिसरा म्हणतो, "आमच्या खालूंचं तर बीपी उलट वाढलं." तिघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे. पण तिघांनीही गोळीबद्दल काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. तो कसा, ते आज सविस्तर पाहू. आम्ही डॉक्टर नाही. हे वाचून कुणी गोळी सुरू किंवा बंद करू नये, पण डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं एवढं यातून नक्की कळेल.

गोळी काय करते

आपण खातो त्यातून कोलेस्ट्रॉल येतं हे खरं आहे, पण शरीरातलं बरंचसं कोलेस्ट्रॉल आपलंच लिव्हर तयार करतं. म्हणून तर कधी कधी आयुष्यभर साधी ज्वारीची भाकरी आणि आमटी खाणाऱ्या माणसाचा रिपोर्टही वाढलेला येतो, आणि घरचे चकित होतात. स्टॅटिन नावाच्या गोळ्या लिव्हरमधल्या या कारखान्याचं एक महत्त्वाचं यंत्र मंद करतात. माल कमी पडला की लिव्हर रक्तातून एलडीएल, म्हणजे ज्याला आपण खराब कोलेस्ट्रॉल म्हणतो ते, जास्त ओढून घेतं. रक्तातलं एलडीएल उतरतं ते असं.

या औषधाचा शोध जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात लावला. हजारो बुरशा तपासता तपासता त्यांना निळसर-हिरव्या पेनिसिलियम जातीच्या बुरशीत असा पदार्थ सापडला. बाजारात पहिली स्टॅटिन गोळी, लोव्हास्टॅटिन, अमेरिकेत १९८७ मध्ये आली. आज आपल्याकडे मिळणाऱ्या ॲटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन या मात्र पूर्णपणे कारखान्यात रासायनिक पद्धतीने बनवलेल्या आहेत.

हे सगळं होताना रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तरावरही थोडा परिणाम होतो. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, त्याने नळी सैल पडते. स्टॅटिनमुळे हे काम जरा सुधारतं, कडक झालेली नळी किंचित लवचीक होते. बीपी म्हणजे शेवटी नळीतला दाबच. नळी सैल झाली तर दाब थोडा तरी उतरायला हवा, असा अंदाज शास्त्रज्ञांनी बांधला आणि मग तो तपासून पाहिला.

किती उतरतं

इथे आकडे नीट वाचा, कारण सगळा गोंधळ इथेच होतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो केंद्रातल्या डॉक्टरांनी ९७३ स्त्री-पुरुषांवर एक अभ्यास केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना सिम्वास्टॅटिन, काहींना प्राव्हास्टॅटिन आणि काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी सहा महिने दिली. कुणाला काय मिळतंय हे ना पेशंटला माहीत, ना तपासणाऱ्याला. खरी गोळी घेणाऱ्यांचं वरचं आणि खालचं बीपी दोन ते तीन पॉइंटने कमी निघालं. गोळी थांबवल्यावर हा फरक पुसला गेला. त्याआधी २००७ मध्ये अनेक छोटे अभ्यास एकत्र करून हिशोब काढला होता. त्यात वरचं बीपी सरासरी दोनच्या आसपास उतरलेलं दिसलं आणि ज्यांचं मुळात जास्त होतं त्यांच्यात साधारण चार.

मग इटलीतून उलटा निकाल आला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात बीपीची गोळी आधीपासून चालू असलेल्या पेशंटना चोवीस तास पट्टा बांधून बीपी मोजलं. प्राव्हास्टॅटिन घेणारे आणि न घेणारे यांच्यात काहीच फरक सापडला नाही.

म्हणजे फार झालं तर दोन-तीन पॉइंट, आणि बीपीची गोळी आधीच चालू असेल तर कदाचित शून्य. आता हे घरच्या मशीनशी ताडून पाहा. तेच मशीन, तोच माणूस, दहा मिनिटांच्या अंतराने मोजलं तरी पाच-सात पॉइंटचा फरक पडतो. जिना चढून आल्यावर, लघवी लागलेली असताना, दाराशी वसुलीवाला उभा असताना, पोराच्या निकालाच्या दिवशी, प्रत्येक वेळी आकडा वेगळा येतो. तेव्हा १५० वरून १३५ ही उतरण कोलेस्ट्रॉलच्या गोळीची असू शकत नाही. ती बीपीची गोळी आता कुठे अंगाला लागली त्याची असेल, किंवा त्याच दिवशी डॉक्टरांनी मीठ आणि तंबाखूवर चार शब्द सुनावले आणि ते मनावर घेतलं त्याची असेल. ॲम्लोडिपिनचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. नेमक्या त्याच वेळी दुसरी गोळी सुरू झालेली असते, आणि श्रेय भलतीला मिळतं. बीपीची गोळी बंद केली की दोन-चार आठवड्यांत अब्बांचा आकडा जिथे होता तिथे परत येईल. आणि बीपी वाढल्याचं अंगाला कळतच नाही, हीच त्याची वाईट खोड आहे.

मग ही गोळी बीपीवाल्याला देतात कशाला

कारण बीपी आणि कोलेस्ट्रॉल मिळून एकच नळी खराब करतात. जोराचा दाब अस्तराला ओरखडे पाडतो आणि त्या ओरखड्यात एलडीएल जाऊन बसतं. दोन्हींपैकी एकच सांभाळून निम्मंच काम होतं.

याचा सगळ्यात ठळक पुरावा २००३ सालचा आहे. ब्रिटन, आयर्लंड आणि आसपासच्या उत्तर युरोपातल्या देशांत १०,३०५ बीपीच्या पेशंटना घेऊन एक मोठी चाचणी झाली. त्यांचं कोलेस्ट्रॉल फार वाढलेलंही नव्हतं. निम्म्यांना ॲटोर्वास्टॅटिन १० मिलिग्रॅम दिली, निम्म्यांना नकली गोळी. पाच वर्षं चालवायची असं ठरलं होतं, पण साधारण सव्वातीन वर्षांतच थांबवली. कारण गोळी घेणाऱ्यांत हार्ट ॲटॅक आणि त्यातून होणारे मृत्यू ३६ टक्क्यांनी कमी झालेले दिसत होते, मग बाकीच्यांना नकली गोळीवर ठेवणं बरोबर नव्हतं. आमच्या विषयासाठी यातली मोलाची गोष्ट अशी की दोन्ही गटांचं बीपी चाचणीभर जवळपास सारखंच होतं. म्हणजे फायदा झाला तो बीपी उतरवून झालेला नव्हता. तो एलडीएल उतरवून झाला.

२०१६ मध्ये निकाल आलेल्या एका चाचणीत २१ देशांतले १२,७०५ लोक होते आणि त्यात भारतही होता. ज्यांना अजून हार्टचा त्रास झालेला नाही, पण वय आणि सवयींमुळे धोका आहे, असे हे लोक होते. रोसुवास्टॅटिन १० मिलिग्रॅमने हार्ट ॲटॅक, लकवा आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून साधारण एक चतुर्थांश कमी झाले. त्याच चाचणीत बीपीची गोळीही देऊन पाहिली होती, पण तिचा फायदा फक्त ज्यांचं बीपी मुळात वाढलेलं होतं त्यांनाच झाला.

सगळ्या गोळ्या एकातच घालण्याचा प्रयोग तर आपल्याच देशात झाला. बंगळुरूच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने देशभरातल्या ५० केंद्रांवर २,०५३ लोकांवर एका पॉलिपिलची चाचणी झाली आणि २००९ मध्ये तिचा निकाल आला. तीन बीपीची औषधं, सिम्वास्टॅटिन आणि ॲस्पिरिन असं सगळं एका कॅप्सूलमध्ये होतं. बीपी वरचं सातच्या आसपास उतरलं, ते त्या तीन औषधांमुळे. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा पॉलिपिल आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतल्या.

आपल्या देशात हा प्रश्न किती घरांचा आहे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीत, जिचे आकडे २०२३ मध्ये आले, ३५.५ टक्के प्रौढांना बीपी निघालं आणि जवळपास २१ टक्क्यांचं एलडीएल वाढलेलं निघालं. दर तिसऱ्या माणसाला बीपी आणि दर पाचव्याला एलडीएल. एकाच दस्तरखानावर बसलेल्यांची मोजदाद करून बघा.

एका औषधाने बीपी खरंच वाढवलं होतं

खालूंचं बीपी वाढलं असं म्हणणाऱ्याला आम्ही लगेच खोटं पाडत नाही, कारण कोलेस्ट्रॉलच्या औषधाने बीपी वाढल्याचं एक खरं उदाहरण आहे. टॉर्सेट्रॅपिब नावाचं औषध एका मोठ्या अमेरिकन कंपनीने चांगलं कोलेस्ट्रॉल, म्हणजे एचडीएल, वाढवण्यासाठी काढलं होतं. पंधरा हजारांवर लोकांवर चाचणी चालू होती. एचडीएल ७२ टक्के वाढलं आणि एलडीएल उतरलं, म्हणजे कागदावर सगळं सुंदर होतं. पण वरचं बीपी सरासरी पाचच्या वर चढलं आणि औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होऊ लागले. डिसेंबर २००६ मध्ये चाचणी एका दिवसात थांबवली. हे औषध कधीच बाजारात आलं नाही, म्हणून ते तुमच्या चिठ्ठीत असणं शक्य नाही. पण आज आम्ही ही गोष्ट सांगतो ती एवढ्यासाठी की रिपोर्टवरचा एक आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला असं होत नाही. त्या दिवसापासून कोलेस्ट्रॉलच्या नव्या औषधाचं बीपीकडे डॉक्टर बारकाईने बघू लागले.

आज मिळणाऱ्या बाकीच्या औषधांचं थोडक्यात सांगतो. एझेटिमाइब बीपीच्या वाटेला जात नाही. फेनोफायब्रेट ट्रायग्लिसराइडसाठी देतात, त्याचाही बीपीशी म्हणण्यासारखा संबंध नाही. पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने पोटावर घ्यायची महागडी इंजेक्शनं आलीत, त्यांनीही बीपी हलत नाही. नायसिन, म्हणजे मोठ्या डोसमधलं एक बी व्हिटॅमिन, पूर्वी खूप देत. त्याने चेहरा लाल होतो, अंग तापतं, आणि बीपीच्या गोळीसोबत कधी बीपी अचानक खाली येऊन चक्कर येते. आता ते फार कमी लिहितात.

बीपी वाढतं ते कुठल्या वाटेनं

आता खालूंकडे येऊ. हा भाग आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो आमच्याच घरात घडला.

आमचे एक बुजुर्ग, उमर साठीच्या पुढे. स्टॅटिन सुरू झाली. महिनाभरात पोटऱ्या आणि मांड्या दुखायला लागल्या. कुणीतरी सांगितलं की ही गोळी अंग दुखवते. त्यांनी ती बंद केली नाही, शिस्तीचे होते. पण दुखण्यासाठी कोपऱ्यावरच्या दुकानातून रोज एक डायक्लोफिनॅक घ्यायला सुरुवात केली. दोन महिन्यांनी सहज मोजलं तर बीपी १८० च्या वर. घरात सगळे म्हणाले, "बघा, कोलेस्ट्रॉलच्या गोळीने बीपी वाढवलं." चिठ्ठीत नसलेल्या त्या पांढऱ्या गोळीबद्दल डॉक्टरांनी विचारेपर्यंत कुणी बोललंच नव्हतं.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, नेप्रॉक्सेन या सगळ्या दुखण्याच्या गोळ्या किडनीला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. त्याने बीपी वाढतं आणि बीपीच्या गोळीचा जोर कमी होतो. त्यात पेशंटला टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल आणि सोबत पाण्याची गोळी चालू असेल, तर या तिन्ही मिळून किडनीवर घाला घालतात. उन्हाळ्यात शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना तर जास्तच. बीडचा मे महिना कसा असतो ते वेगळं सांगायला नको. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी, पण तीही रोजची सवय म्हणून नको.

बरं, मूळ दुखणं तरी गोळीचंच होतं का? ब्रिटनमध्ये साठ लोकांवर एक चतुर अभ्यास झाला, २०२० मध्ये त्याचा निकाल आला. हे सगळे असे होते ज्यांनी त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडली होती. त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने नकली गोळी आणि काही महिने काहीच नाही असं फिरवत ठेवलं. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जो त्रास नोंदवला गेला, त्यातला ९० टक्के नकली गोळीच्या महिन्यांतही तसाच नोंदवला गेला. लोक खोटं बोलत नव्हते, दुखत खरंच होतं. पण ते औषधाने नव्हतं. आम्ही हे पेशंटला वेडं ठरवायला सांगत नाही. पन्नाशीनंतर गुडघे, कंबर, पोटऱ्या तशाही दुखतात. गोळी सुरू झाली की आपण लक्ष देऊन दुखणं शोधायला लागतो.

तरीही काही जणांना खरा त्रास होतो. तो ओळखायचा असा: दोन्ही बाजूंना सारखंच, मोठ्या स्नायूंत, म्हणजे मांड्या, खांदे, नितंब. सीपीके नावाची रक्ताची साधी तपासणी आहे, डॉक्टर ती करून बघतात. डोस कमी करतात, दुसरी स्टॅटिन देतात, एक दिवसाआड देतात. बहुतेकांचं यातून भागतं. पण अंग पिळवटून निघतंय, उभं राहवत नाही आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा झालाय, अशी वेळ आली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे फार क्वचित होतं.

दोन गोळ्यांची एकमेकींशी कुरबुर

बीपीच्या गोळीचा कोलेस्ट्रॉलच्या गोळीवर परिणाम होतो. उलट्या दिशेचा हा प्रश्न आम्हाला कुणीच विचारत नाही, पण खरा जपून राहायचा मुद्दा हाच आहे.

लिव्हरमध्ये औषधं निकामी करणारी एक यंत्रणा असते. सिम्वास्टॅटिन आणि ॲटोर्वास्टॅटिन तिथूनच बाहेर जातात. ॲम्लोडिपिन हा रस्ता थोडा अडवतं. म्हणून २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी सांगितलं की ॲम्लोडिपिन घेणाऱ्याला सिम्वास्टॅटिन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त देऊ नये. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल ही बीपीची आणि छातीच्या दुखण्याची औषधं जास्त अडवतात, त्यांच्यासोबत १० च्या वर नको. आपल्याकडे आता सिम्वास्टॅटिन कमी दिसते. ॲम्लोडिपिनसोबत ॲटोर्वास्टॅटिन नेहमीच्या डोसमध्ये चालते, उलट दोन्ही मिळून एकच गोळीही मिळते. सरकारी कार्यक्रमात बीपीची सुरुवात बहुधा ॲम्लोडिपिननेच होते, त्यामुळे ही जोडी घरोघरी आहे आणि तिची भीती बाळगायचं कारण नाही.

भीती आहे ती तिसऱ्याच औषधाची. गजकर्णाचा, म्हणजे नायट्याचा त्रास गेल्या काही वर्षांत किती वाढलाय ते बघा. जांघेत, कमरेला, काखेत, घरातल्या एकाला झाला की सगळ्यांना. त्यासाठी इट्राकोनॅझोल नावाची कॅप्सूल सर्रास देतात, आणि बरेच जण पूर्वीची चिठ्ठी दाखवून स्वतःच आणतात. हे औषध तो रस्ता जवळजवळ बंद करतं. मग रक्तात ॲटोर्वास्टॅटिन साचते आणि स्नायूंना धोका वाढतो. ॲम्लोडिपिनही साचते, तिने बीपी जास्त उतरतं, पाय सुजतात. अम्मीला उठताना चक्कर येण्याचं कारण कधी कधी इथे सापडतं. सिम्वास्टॅटिनसोबत तर इट्राकोनॅझोल द्यायचंच नसतं. क्लॅरिथ्रोमायसिन हे ॲन्टिबायोटिकही याच जातीचं. रोसुवास्टॅटिनचा रस्ता वेगळा असल्याने तिच्याबाबत ही अडचण नाही. पण ॲसिडिटीचं पातळ औषध आणि रोसुवास्टॅटिन यांत दोन तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

म्हणून स्किनच्या डॉक्टरकडे जाताना हार्टची चिठ्ठी सोबत न्या. आम्ही तर म्हणतो, मोबाइलमध्ये सगळ्या पाकिटांचा एक फोटो काढून ठेवा.

ग्रेपफ्रूट नावाचं फळ आणि आपल्याकडचं पपनस हाच उपद्व्याप करतात, ही गोळी चालू असताना ते टाळलेलं बरं. मोसंबी खावी की नाही असं विचारणारे बरेच आहेत. आपला मराठवाडा मोसंबीचा मुलूख आहे, विचारणं साहजिक आहे. मोसंबी-संत्र्याला हरकत नाही. शुगर असेल तर रस न काढता फोडी खा, एवढंच.

नाव एकीचं, खोड दुसरीची

घोटे सुजले तर बोट बहुतेक वेळा ॲम्लोडिपिनकडे जातं, कोलेस्ट्रॉलच्या गोळीकडे नाही. कोरडा, सतावणारा खोकला रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिलचा असू शकतो. रात्री पोटरीत गोळा येतो तो कधी पाण्याच्या गोळीने क्षार कमी झाल्यामुळे. उठताना डोळ्यापुढे अंधारी येते ती बीपीच्या गोळीचा डोस जास्त झाल्याने, रोज्यात किंवा उन्हात पाणी कमी पडल्याने, किंवा प्रोस्टेटच्या गोळीने. स्टॅटिन एकटी चक्कर येण्याइतकं बीपी उतरवत नाही. तिचा खरा दोष दुसरा आहे: शुगर ज्यांची काठावर असते त्यांची ती किंचित वर ढकलू शकते. हे खरं आहे, पण हार्टचा फायदा त्याहून मोठा असल्याने डॉक्टर गोळी चालू ठेवतात आणि शुगर तपासत राहतात.

घरात सून किंवा लेक उमेदीतली असेल, आणि तिला यातली कुठलीही गोळी चालू असेल, तर दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोलायला हवं. टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल पोटातल्या बाळाला इजा करतात, आणि स्टॅटिनही गरोदरपणात आणि अंगावर पाजताना बहुतेक वेळा थांबवतात. बीपीसाठी त्या काळात चालणारी वेगळी औषधं आहेत.

रोजे, कॅप्सूल आणि कलौंजी

रमजानमध्ये स्टॅटिनचा प्रश्न सोपा आहे. ॲटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन चोवीस तासांत कधीही एकदा घ्या, इफ्तारनंतर किंवा तरावीहनंतर, पण रोज एकाच वेळी. सिम्वास्टॅटिन रात्रीच चांगली. बीपीच्या गोळीचं मात्र रमजान लागण्याच्या आठ-पंधरा दिवस आधी विचारून ठेवा. दिवसातून दोनदा घ्यायची असेल तर डॉक्टर एकदाची देऊ शकतात. पाण्याची गोळी सेहरीला घेतली तर दिवसभर लघवी होऊन अंगातलं पाणी जातं, म्हणून ती सहसा इफ्तारनंतर हलवतात. इफ्तारच्या भज्यांत, फरसाणात, पापडात मीठ किती जातं याकडे लक्ष ठेवा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला एका माणसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. ठेचा आणि लोणच्यातच तो संपतो. मिश्री आणि तंबाखू बीपी वाढवतात हेही इथेच सांगून टाकतो, कारण मिश्री लावणाऱ्या आपल्या दादी-नानी ती व्यसनात मोजतच नाहीत.

हलालबद्दलही विचारलं जातं. स्टॅटिन बहुधा गोळीच्या रूपात येतात. पण ॲस्पिरिनसोबत एकत्र केलेल्या काही कॅप्सूल असतात आणि कॅप्सूलचं कवच बहुतेक जिलेटीनचं असतं. ज्यांना यात संकोच असेल त्यांनी दोन्ही औषधं वेगळ्या गोळ्यांत लिहून मागावीत, बहुतेक डॉक्टर देतात. गोळी सोडून देण्याची गरज पडत नाही. याहून पुढचा मसला आपल्या आलिमांना विचारावा.

कलौंजी आणि लसूण यांनी बीपी आणि कोलेस्ट्रॉल किंचित उतरल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलंय. जेवणात घ्या, पण गोळीच्या जागी नको. उलट जेष्ठमध, म्हणजे मुलेठी, जपून. खोकल्याच्या काढ्यात, काही युनानी आणि आयुर्वेदिक औषधांत ती असते. रोज आणि बरीच खाल्ली तर बीपी वाढवते आणि पोटॅशियम उतरवते. चार दिवसांच्या काढ्याने काही होत नाही, पण महिनोन् महिने चघळणाऱ्यांनी बीपी मोजून बघावं.

मोजायचं कसं, जायचं कुठे

पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला. अर्धा तास आधी चहा, विडी, तंबाखू नाही. दोन वेळा मोजून दुसरा आकडा वहीत लिहायचा. घरी सतत १३५/८५ च्या वर येत असेल तर दाखवायला हवं. कोलेस्ट्रॉलची तपासणी उपाशीपोटीच हवी असा आग्रह आता राहिलेला नाही. भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार न जेवता जाण्याची सक्ती नाही, फक्त ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं असेल तर उपाशीपोटी पुन्हा करतात. त्याच सूचनांत एलडीएलचं लक्ष्य धोक्यानुसार ठरवलंय: शुगर-बीपीसारखा जास्त धोका असेल तर ७० च्या खाली, हार्ट ॲटॅक किंवा लकवा होऊन गेला असेल तर ५५ च्या खाली. लॅबच्या कागदावर छापलेली 'नॉर्मल' रेंज सगळ्यांना सारखीच असते. तुमचं लक्ष्य त्यात लिहिलेलं नसतं, ते डॉक्टरांना विचारावं लागतं.

तीस वर्षांपुढच्यांची बीपी आणि शुगरची तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. गुंतागुंत असेल तर बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच. गोळ्यांच्या खर्चासाठी जनऔषधी दुकानात ॲटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन सगळ्या मिळतात आणि कंपनीच्या नावाच्या गोळीपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात. औषध तेच असतं.

राहिली ऊसतोडीला जाणाऱ्यांची गोष्ट. दिवाळीच्या सुमाराला आपल्या जिल्ह्यातून जोड्या निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत कारखान्याच्या तळावर राहतात. महिनाभराच्या गोळ्या नेल्या तर त्या संपतात. मग बीपीची गोळी बंद होते, कोयत्याने भरून आलेल्या हाता-कमरेसाठी दुखण्याची गोळी मात्र रोज चालू राहते. आधी सांगितलेला सगळा धोका इथे एकत्र जमतो. निघण्याआधी दवाखान्यात सांगा की सहा महिने गावी नाही. जमेल तितक्या जास्त दिवसांच्या गोळ्या मागा आणि चिठ्ठीची एक प्रत सोबत ठेवा. त्या प्रतीवर, नाहीतर मोबाइलमधल्या फोटोत, औषधाचं कंपनीचं नाव नको, मूळ नाव आणि मिलिग्रॅम दिसायला हवेत. साताऱ्यात किंवा बेळगावात तुमच्या ब्रँडची गोळी मिळेलच असं नाही, पण 'ॲम्लोडिपिन ५' आणि 'ॲटोर्वास्टॅटिन १०' सांगितलं की कुठल्याही मेडिकलवाल्याला कळतं.